व्याह्यांनी आणलेला कोंबडा

सोजराबाईनं खुराड्याचं दार उघडलं आणि तिच्या डोळ्यांत चुरचुरलं. आतून असा उग्र दर्प आला की तिला पदर नाकाला लावावा लागला. ताडपत्री चारही बाजूंनी खाली सोडलेली, तिच्यावर दोन पोती आणि पोत्यांवर जुनी गोधडी. ही चौथी वेळ होती. खालून हातभर आडोसा ठेवा, पण वरची जाळी उघडी राहू द्या, विष्ठेचा वास आत कोंडला की पिल्लांची छाती भरते, असं तिनं नवऱ्याला तीनदा समजावलं होतं. तिन्ही वेळा माणिकराव 'हाव' म्हणाले होते, आणि दिवस मावळून गार वारं सुटलं की त्यांनी पुन्हा सगळं झाकून टाकलं होतं.

माणिकरावांचा स्वभावच तसा. उघडं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे. विहिरीवरच्या मोटरला पोतं, दुधाच्या पातेल्यावर ताट आणि त्या ताटावर वरवंटा. स्वतः तर पौष लागला की कानटोपी आणि मफलर घालून उन्हातसुद्धा फिरत. सोजराबाईनं गोधडी ओढून काढली तेव्हा ते ओट्यावर दात घासत उभे होते. मले थंडी वाजते त त्याहिले वाजत नसंन का, एवढंच म्हणाले. तिनं गोधडी झटकून दांडीवर टाकली. बोलून बोलून तिचा घसा दुखायला लागला होता.

वरवट बकालमध्ये घरटी चार कोंबड्या असतातच, पण सोजराबाईचा जीव त्यांच्यात जरा जास्तच होता. एकुलती एक मुलगी संजीवनी नांदुऱ्याकडे सासरी गेल्यापासून अंगणातली ही पाखरंच तिच्या मागंपुढं असत. गेल्या हिवाळ्यात तिची चाळीसेक पिल्लं आठ-दहा दिवसांत गेली होती. माना लांब करून, चोची उघडून श्वास घ्यायची, घशातून घरघर यायची आणि सकाळी पाहावं तर कोपऱ्यात दोन-तीन आडवी. शेवटी सात उरली होती, तीही पुढं कापून संपली.

तेव्हा मंजुश्री येऊन गेली होती. मंजुश्री म्हणजे गावची पशुसखी. सोजराबाईच्या बचतगटातली, गावातल्याच एका घरची सून, जनावरांचं प्रशिक्षण घेऊन आलेली. तिनं खुराड्यात अंथरलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मुठीत घेऊन सोजराबाईच्या नाकापुढं धरलं होतं. पावसात भिजलेलं, बुरसलेलं कुटार. मग एकेक गोष्ट सांगितली होती: खाली कोरडं अंथरायचं, वरून हवा खेळती ठेवायची, थेंबांची लस वेळेवर द्यायची, आणि बाजारातून किंवा पाहुण्यांकडून आलेलं पाखरू एकवीस दिवस आपल्या पाखरांजवळ फिरकू द्यायचं नाही.

सोजराबाईनं ते सगळं मनात पक्कं बसवलं होतं. यंदा उबवणी केंद्रातून बावन्न पिल्लं आणली. तुरीचं कुटार उन्हात वाळवून अंथरलं, रोज हातानं उलथंपालथं केलं. सहाव्या दिवशी मंजुश्रीनं बर्फाच्या थर्मासातून लस आणली आणि दोघींनी मिळून एकेका पिल्लाच्या डोळ्यात थेंब सोडला. आता पिल्लं पंधरा दिवसांची झाली होती, पंखांवर पिसं फुटू लागली होती आणि एकही गेलं नव्हतं. घरात फक्त माणिकरावांची ताडपत्री आडवी येत होती.

गोधडी ओढून काढली त्याच दिवशी दुपारी पंजाबराव आले.

पंजाबराव म्हणजे संजीवनीचे सासरे. उंच, सावकाश बोलणारे, रिकाम्या हातानं कधी न येणारे. एसटीतून उतरून ते घरी आले तेव्हा त्यांच्या काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एका कोंबड्याची मान बाहेर आली होती. तांबडा-काळा, पिवळ्या पायांचा, तुरा तळहाताएवढा. असा कोंबडा सोजराबाईनं पंचक्रोशीत पाहिला नव्हता.

"इहीनबाई, तुमच्यासाठी आनला," पंजाबराव म्हणाले. "घरचा हाय. अंड्यापासून वाढवला."

तिनं तोंडभरून कौतुक केलं. पाणी दिलं, चहा ठेवला. आणि चहा उकळत असतानाच तिला बाहेरून एक बारीक आवाज आला. मांजर शिंकावं तसा. तिनं दारातून पाहिलं. कोंबड्यानं मान झटकली, पुन्हा शिंकला. त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस होता.

तिनं खुराड्याकडे एकदा पाहिलं. मग वळून चहा गाळला, कप दिले आणि मग शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं की कोंबडा लाखात एक आहे, पण आमच्याकडे नवं पाखरू एकवीस दिवस वेगळं राहतं. पंजाबराव हसले. नवा कसला, घरचाच आहे, म्हणाले. सोजराबाईही हसली आणि हसत हसतच कोंबडा उचलून गोठ्याच्या पार टोकाला नेला. पायाला दोरी बांधली, वेगळी वाटी ठेवली, हात साबणानं धुतले.

पंजाबरावांचा राग बोलण्यातून कधी दिसत नसे, जेवणातून दिसे. संध्याकाळी त्यांनी एक भाकर खाल्ली आणि दुसरीवर हात आडवा धरला. वांग्याची भाजी तशीच राहिली. माणिकराव मोरीजवळ येऊन कुजबुजले की इवाई नाराज झाला. होऊ द्या, ती म्हणाली. तेव्हा माणिकराव म्हणाले, "पोरगी त्याच्या घरी हाय आपली."

हे त्यांनी बोलायला नको होतं. सोजराबाई अर्धी भाकर घेऊन पुन्हा बाहेर गेली, ठेचा वाढला, आग्रह केला. पंजाबरावांनी अर्ध्यातली अर्धी घेतली. पण कोंबडा गोठ्यातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तुरीची सोंगणी होती. मजूर ठरलेले, जाणं भागच होतं. माणिकरावांची कंबर धरली होती, म्हणून पाहुण्याजवळ ते घरी राहिले. निघताना सोजराबाईनं त्यांना समोर उभं केलं आणि सांगितलं की कोंबड्याला हात लावला तर हात धुवा, त्याची वाटी खुराड्याकडे नेऊ नका, त्याला सोडू नका. माणिकराव मान हलवत राहिले. शेतात दिवसभर तिचं लक्ष लागलं नाही. विळा चालवता चालवता तिला दोनदा वाटलं की घरी जाऊन यावं, आणि दोन्ही वेळा तिनं स्वतःलाच वेड्यात काढलं.

दिवस कलला तेव्हा ती परतली. अंगणात बाज टाकलेली. बाजेवर दोघे व्याही, हातात चहाचे कप. समोर खुराड्याच्या जाळीच्या आवारात तो कोंबडा गावच्या पाटलासारखा उभा आणि त्याच्या पायांत बावन्न पिल्लं. त्यानं पाण्याच्या भांड्यात चोच बुडवली, मान वर केली आणि भांड्यातच शिंकला. लगेच तीन पिल्लांनी त्याच भांड्यात चोची घातल्या.

सोजराबाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला. कोंबड्याला पंखांपाशी धरून गोठ्यात नेऊन बांधला. परत आली, पाणी दूर नेऊन ओतलं, भांडं गरम पाण्यानं आणि सोड्यानं घासलं, आवारातलं वरचं कुटार खरडून काढलं. दोघे बाजेवर बसून पाहत होते. चहा कपात निवत होता.

"कोनं सोडला?" तिनं विचारलं.

माणिकरावांनी कानटोपी खाली ओढली. पंजाबरावच बोलले. बिचारा एकटा कन्हत होता, घटकाभर सोडला, चार पाखरांत असला की त्याला बरं वाटतं.

"भाऊ," सोजराबाई म्हणाली, "तुमी माह्या पोरीचे सासरे. तुमाले उलटून बोलाची माही हिंमत नाई. पन या पिल्लाईच्या पोटात आता काय गेलं, ते त्या पिल्लाईलेच भोगा लागते."

पंजाबरावांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्याच गाडीनं ते गेले. पोहे अर्धे ताटलीत राहिले होते.

पाच दिवस काही झालं नाही. माणिकराव तर पाहा, काहीच नाही, असं रोज सकाळी सांगत. सहाव्या दिवशी सोजराबाई दाणा टाकत असताना एक पिल्लू शिंकलं. ती जागच्या जागी बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. मग दुसरं शिंकलं. संध्याकाळपर्यंत सात-आठ पिल्लं पिसं फुगवून उबेसाठी लावलेल्या बल्बखाली गोळा झाली होती, आणि एक मान लांबवून चोच उघडत होतं. गेल्या वर्षी पाहिलेलं तेच.

मंजुश्री आली. तिनं एकेक पिल्लू कानाशी धरून छातीची घरघर ऐकली आणि आजारी वाटली ती ओसरीत वेगळ्या डालग्याखाली, म्हणजे पालथ्या मोठ्या टोपलीखाली, ठेवली. सकाळपर्यंत दोन मेली. त्यातलं एक पिशवीत घालून ती तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पिल्लू उघडून पाहिलं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, वाटत नाही, ती असती तर एव्हाना अर्धं खुराडं रिकामं झालं असतं, म्हणाले. हा हळूहळू छाती धरणारा सर्दीचा आजार. कोंडलेल्या घाण वासात तो भडकतो, आणि बरं झालेलं पाखरूही तो घशात बाळगून असतं. पाच दिवस पाण्यातून द्यायचं औषध त्यांनी दिलं. त्या पाच दिवसांत दुसरं पाणी नाही, आणि पुढची लस पिल्लं सावरल्यावरच.

मंजुश्रीनं कामाचा क्रमही लावून दिला. आधी निरोगी पिल्लं, मग आजारी, सगळ्यात शेवटी कोंबडा. उलटं कधीच नाही. प्रत्येक वेळी हात धुवायचे, खुराड्याची चप्पल वेगळी ठेवायची. सोजराबाई ते करू लागली. पहाटे उठून, शेत सांभाळून, कंबर मोडेस्तोवर. तिसऱ्या दिवशी ती गिरणीतून दळण घेऊन आली आणि पाहते तर खुराड्यातून पांढरा धूर निघत होता. आत घमेल्यात निखारे आणि त्यावर कडुनिंबाचा ओला पाला. पिल्लं भिंतीला चिकटून चोची वासून उभी.

तिनं घमेलं पदरानं धरून ओढलं आणि सरळ रस्त्यावर नेऊन पालथं केलं. तळहाताला चटका बसला.

वास जावा म्हणून धुरी दिली, माणिकराव म्हणाले. त्यांच्या आईनं म्हणे अशीच दिली असती.

सोजराबाईला रडावं की हसावं कळेना. छाती भरलेल्या जिवाला हा माणूस धूर देत होता, आणि तेही मायेनं. तिनं सगळी जाळी मोकळी केली, पिल्लं आवारात उन्हात काढली आणि हात पाण्यात बुडवून ओट्यावर बसली. तेवढ्यात संजीवनीचा फोन आला.

पोरीनं आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग तिनं विचारलं की कोंबडा कसा आहे. सोजराबाईनं सांगितलं, तो ठणठणीत आहे, आमचीच पिल्लं मरून राहिली.

"आई, मामंजीनं तुले सांगतलं नाई का?" संजीवनी म्हणाली. "आमच्याकडं पंधरा दिवसांपासून कोंबड्या शिंकून राह्यल्या. अठरा मेल्या. तो कोंबडा मामंजीचा लाडका. ते म्हने, इथं राह्यला त जाईन, तिकडं नेतो. तुह्या आईचं खुराडं साफ असते, तिच्या हातानं वाचंन."

सोजराबाईनं फोन ठेवला. माणिकराव गोठ्याच्या दारात उभे होते. फोनवरचा आवाज मोठा होता, त्यांनी ऐकलं असावं. ऐकून चकित झालेल्या माणसाचा चेहरा मात्र तो नव्हता.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली. "बाजेवर बसलो होतो तवा सांगतलं त्यानं. डोयात पानी होतं त्याच्या. म्हने बाईले सांगू नोको. मले वाटलं, तुले सांगतलं त तू कोंबडा त्याच्यासंगच परत धाडशीन."

"धाडलाच असता."

"मंग? पोरीचं सासर हाय."

"पोरीच्या सासरी अठरा मेल्या," सोजराबाई म्हणाली. "तिनं मले आधीच इचारलं असतं त मंजुश्रीले धाडलं असतं. तिच्याबी वाचल्या असत्या, माह्याबी. तुमी दोघाईनं गप राहून कोनाचं भलं केलं, ते सांगा मले."

माणिकरावांनी कानटोपी पुन्हा डोक्यावर घातली. कोणी दावा साधला असता, कोणी जाणूनबुजून वाईट केलं असतं तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. इथं पंजाबरावांचा जीव कोंबड्यात, माणिकरावांचा पोरीत, आणि या सगळ्या जीव लावण्यात तिची पिल्लं एकेक करून जात होती. हिशेब मागायचा तरी कोणाकडे?

त्या दिवसापासून तिनं घराचे दोन भाग पाडले. निरोगी पिल्लं तिची, माणिकरावांनी दहा हातांच्या आत यायचं नाही. ओसरीतली आजारी पिल्लं आणि कोंबडा माणिकरावांचा, आणि तिकडून इकडं काही आणायचं नाही, अगदी चमचासुद्धा नाही. माणिकराव मुकाट्यानं ऐकून घेऊन कामाला लागले. आणि खरं सांगायचं तर ते काम त्यांनी चांगलं केलं. तासन् तास डालग्याजवळ बसायचे. पाणी न पिणाऱ्या पिल्लाची चोच वाटीत बुडवायचे, बोटानं नाकपुडी पुसायचे. संडासाला जायचं तरी खुराड्याकडून न जाता घराला वळसा घालून जायचे. पाहून सोजराबाईचा जीव जरा निवायचा, पण ते तिनं त्यांना कळू दिलं नाही.

औषध संपलं तोवर चौदा पिल्लं गेली होती. अडतीस उरली. त्यातली पाच-सहा खुरटलेली, ती अजून ओसरीतच होती, पण घरघर थांबली होती. पाचव्या आठवड्यात मंजुश्रीनं लसीचा राहिलेला थेंब दिला. जाताना तिनं बजावलं की या पिल्लांना दुसरीकडं कुठं द्यायचं नाही, बाजारात न्यायचं नाही, आणि नवी पिल्लं आणायची तर ही संपल्यावर, खुराडं चुन्यानं रंगवून महिनाभर उन्हात मोकळं ठेवून. कोंबड्याबद्दल ती म्हणाली, औषधाचे दिवस उलटले की कापून टाका.

पंजाबरावांचा फोन रोज यायचा, पण माणिकरावांच्या फोनवर. सोजराबाईशी बोलणं ते टाळत होते. एका सकाळी तिनं फोन नवऱ्याच्या हातातून काढून घेतला.

पलीकडं पंजाबराव गडबडले. कशा आहात, म्हणाले. तिनं कशी आहे ते सांगितलं नाही. तुमच्या उरलेल्या कोंबड्या आता कोणाला देऊ नका, मेलेल्या उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा, असं सांगितलं. ते हो हो म्हणत राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं की त्याचं काय.

"भाऊ, तो दिसाले चांगला हाय. पन आजार त्याच्या घशात बसला. त्याले तिकडं धाडता येत नाई, इकडं पिल्लाईत सोडता येत नाई."

"मंग?"

"कापा लागंन."

फोनमध्ये एसटीच्या हॉर्नचा आवाज येऊन गेला. पंजाबराव कुठंतरी फाट्यावर उभे असावेत. "कापसान तवा मले सांगू नका," ते म्हणाले. मग पुन्हा बोलले, "चुकलं माह्यं, इहीनबाई. एक दिवस येऊन आमचं खुराडं पाहून जा. संजीवनीबी म्हनून राह्यली."

तो माणूस चुकलं म्हणेल असं सोजराबाईला वाटलं नव्हतं. तिनं येत्या गुरुवारी येते म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की गुरुवारी आपण तिकडं गेल्यावर इकडची पिल्लं पाहायला कोणी नाही. मंजुश्रीला सोबत न्यायचं होतं. शेजारच्या जनकाबाई लेकीकडे गेलेल्या. राहता राहिले माणिकराव.

बुधवारी तिनं त्यांना खुराड्याजवळ नेऊन सगळं दाखवलं. दोनदा म्हणवून घेतलं. गुरुवारी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, खुराड्याची चप्पल घरी ठेवून ती मंजुश्रीबरोबर गाडीत बसली. परतल्यावर पुन्हा न्हायचं आणि मगच पिल्लांकडं जायचं, हे दोघींनी ठरवलं होतं. गाडी फाट्यावरून वळली तेव्हा सोजराबाईला आठवलं की दुपारच्या पाण्याचं नीट सांगायचं राहिलं. तिनं पिशवीतून फोन काढला.

माणिकरावांनी लगेच उचलला. ती विचारण्याआधीच म्हणाले की पाणी देऊन झालं.

"आधी कोनाले देल्लं?"

फोनमध्ये मागं तो कोंबडा आरवला.

"चांगल्याईले," माणिकराव म्हणाले. "मंग हात धुतले. साबनानं. मंग ओसरीतल्याईले. मंग पुन्हा हात धुतले, मंग याले. आता अजून काय इचारतं?"

बरंच काही विचारायचं होतं. पण कंडक्टर समोर येऊन उभा राहिला होता. सोजराबाईनं फोन मांडीवर ठेवला आणि नांदुऱ्याची दोन तिकिटं मागितली.